कड्यावर सांगितलेली गोष्ट

सोल
३ मार्च १९९८

ती. ताईस,
तेसिकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या चकत्या, दोन्ही पोचलं. आधी एक विनंती करतो. यापुढे घरी फोन करू नकोस. तू फोनवर बोलतेस ते शेजारच्या इमारतीतही ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते हीजूच्या कानावर जाता कामा नये. पत्रही घरी नको. पाकिटावरच्या पत्त्यावर पाठव. बुखान डोंगराच्या पायथ्याशी, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एका बाईंचं टोफूचं दुकान आहे. त्या माझी पत्रं ठेवून घेतील.

नोकरी गेली, ताई. जानेवारीच्या अखेरीस. मुलुखभर कारखाने माणसं काढतायत हे तू टीव्हीवर बघतेसच. त्यात आमचा कारखाना आला, आणि कारखान्यात मी आलो. आमच्या सोराची यंदा बारावी, नोव्हेंबरात तिची मोठी परीक्षा. तोवर घरी कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. सकाळी सातला टाय लावून निघतो, संध्याकाळी साडेसातला परत येतो. हीजू विचारते आज काम फार होतं का, मी हो म्हणतो.

सुरुवातीला वाचनालयात जाऊन बसायचो. तिथं आठ वाजताच सगळ्या खुर्च्या टायवाल्यांनी भरलेल्या. एक दिवस बसमध्ये पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस दिसला, त्याच्या पायात मात्र ऑफिसचे काळे मोजे. मी त्याच्या मागोमाग उतरलो. आता टोफूवाल्या बाईंच्या मागच्या खोलीत आम्हा नऊ जणांचे कोट खिळ्यांना टांगलेले असतात. पहिल्या दिवशी मी ऑफिसच्या बुटांनिशीच चढलो आणि अर्ध्या वाटेत दोनदा बसकण मारली. हसू नकोस.

तो काळ्या मोज्यांचा माणूस म्हणजे हाम दोकसू. बावन्न वर्षांचा आहे, तरुणपणी दोर लावून कडे चढायचा. मी त्याला हामदादा म्हणतो. त्यानं मला चालायला शिकवलं असंच म्हण. तो म्हणतो, बोलता येईल इतक्याच वेगानं चढावं. बोलणं तुटलं की समजावं, आपण कुणाला तरी काहीतरी दाखवायला निघालोय. पन्नाशीला आलो, पण हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तब्येतीला जप. गुडघ्याला शेक घेत जा. माझ्यावर रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
तेसिक

*

सांदोंग, गुर्ये
११ मार्च

चि. तेसिकला,
ताईचे अ. उ. आ.

पत्र वाचून मी तशीच ओसरीवर बसून राहिले. अंगणातलं झाड पिवळ्या फुलांनी भरलंय, ते बघायला बसले असं शेजारणीला वाटलं.

तू आणि डोंगर! सात वर्षांचा असताना चिंचोक्याएवढ्या चेस्टनटसाठी झाडावर चढलास आणि उतरता येईना म्हणून बोंब मारलीस. आबांनी शिडी आणली तर शिडीलाही भ्यालास. शेवटी मी वर येऊन तुला पाठीवर घेतलं. तो तू कडे चढणारांच्या संगतीला लागलास म्हणजे नोकरी खरंच गेली असणार, माझी खात्री पटली.

हीजूपासून लपवतोस हे मला आवडलेलं नाही. तुझ्या दाजींनी एकदा बैल विकलेला माझ्यापासून लपवला होता. बैलाचं मी विसरले, लपवल्याचं नाही विसरले.

आणखी एक विचारायचंय. शेजारच्या मानसूची नोकरी आहे ना? त्याची आई काल तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आली. म्हणाली, कारखान्यातून एवढी माणसं गेली पण तुमच्या भावानं माझ्या लेकाला सांभाळलं. मी बाटली घेतली खरी. पण मग मनात आलं, तू तर माणसांच्याच खात्यात होतास. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते तुला विचारून ठरलं असेल ना? आणि हा तुझा हामदादा कुठल्या कारखान्यातून निघाला, ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात जे नसतं तेच मला आधी दिसतं, लहानपणापासून.

पोटभर जेव. त्या टोफूवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई

*

सोल
२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. तुझं पत्र पिशवीत घेऊन डोंगर चढतोय आणि उतरतोय.

हामदादा आमच्याच कारखान्यातला. रंगाच्या हौदावर एकोणीस वर्षं होता. मी सोलच्या ऑफिसात बसायचो, त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. मीही त्याला पाहिलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी त्यानं नाव सांगितलं आणि मी ते ओळखलं. डिसेंबरात वरून हुकूम आला होता, चार दिवसांत सदतीस नावं द्या. ती यादी मी केली, ताई. माझ्या हातानं. छत्तीस नावं कशीबशी लिहिली. सदतिसाव्याला दोन माणसं समोर होती. दोघांचं काम सारखं, हजेरी सारखी. एक हाम दोकसू आणि दुसरा मानसू. मानसूची नोकरी अवघी सहा वर्षांची, म्हणजे न्यायानं त्याचंच नाव यायला हवं होतं. पण शरद ऋतूत तू पर्सिमन फळांची पेटी पाठवली होतीस, आणि वर चिठ्ठी, की शेजारच्या पोरावर लक्ष असू दे.

मग महिनाभरानं माझं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हामदादाला मी सांगितलंय की मी विमा विकायचो. त्याला ते खरं वाटतं. त्याच्या डब्यातलं तो मला अर्धं देतो. परवापासून त्यानं मला दोर धरायला शिकवायला घेतलंय, इन्सू कड्याच्या खालच्या उतारावर. म्हणाला, भीती वाटली की माणूस खडकाला छाती चिकटवतो आणि नेमका तिथंच घसरतो. थोडं दूर सरून, पायांवर सरळ उभं राहिलं की खडक धरून ठेवतो. मी प्रयत्न करतो. पण तो वर चढत असताना त्याचा दोर माझ्या हातात असतो, आणि तो एकदाही मागे वळून बघत नाही. त्या वेळी मला जे होतं ते तुला कसं लिहू.

तुला दोष देत नाही. पेटी तू पाठवलीस, पण लेखणी माझ्या हातात होती.

तेसिक

*

सांदोंग
२० एप्रिल

चि. तेसिकला अ. उ. आ.

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. पहिल्या तिन्हींत मी स्वतःची बाजू मांडली होती. शेजारधर्म म्हणून लिहिलं, एवढंसं लिहिलं, नोकऱ्या जाणार हे मला काय ठाऊक, वगैरे. सगळं खरं होतं, पण तिन्ही पत्रं चुलीत घातली.

तेलाची बाटली फळीवर आहे. बूच काढलेलं नाही. मानसूची आई विचारते तेल कडू निघालं का.

त्या माणसाच्या डब्यातलं खाऊ नकोस. त्याला सांग. आणि हीजूलाही सांग. कुठलं आधी ते तुझं तू ठरव.

ताई

*

सोल
१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. हामदादाला, गेल्या गुरुवारी.

आम्ही इन्सू कड्यावर गेलो होतो. मधल्या उंचीवर एक अरुंद टप्पा आहे, जेमतेम दोघं बसतील एवढा, बाजूला खडकात उगवलेलं एक पाइन. आम्ही दोघांनी दोर त्या टप्प्यावरच्या कडीत अडकवला होता. ऊन छान होतं. त्यानं काकडी सोलून मला दिली. म्हणाला, आजवर इतकं मन लावून दोर धरणारा माणूस त्याला भेटला नव्हता. ते ऐकलं आणि माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. विमा खोटा, यादी माझी, आणि त्याच्याऐवजी वाचला तो आमच्या गावचा मुलगा.

 काकडीचा तुकडा त्याच्या हातात होता, तो कागदात गुंडाळून परत पिशवीत ठेवला. मग माझ्या कमरेची गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली. म्हणाला, आता उतरायचं. तीन टप्प्यांत आम्ही खाली आलो. प्रत्येक टप्प्यावर तो माझी गाठ तपासायचा, दोर तपासायचा, आणि मानेनंच जा म्हणायचा. एकदा तर मी खडकावर आडवाच झालो. तो वरून दोर घट्ट धरून थांबला. ओरडला नाही, घाई केली नाही. पायथ्याशी आल्यावर दोराचं वेटोळं केलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. मी मागून हाक मारली. त्यानं हात वर केला, येऊ नकोस अशा अर्थानं.

त्यानंतर तो आलेला नाही. खिळ्यावर त्याचा कोट नाही. वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. खरं सांगतो, दोन दिवस वाटलंही. म्हणूनच आता स्वतःची जास्त लाज वाटते.

हीजूला अजून सांगितलेलं नाही.

तेसिक

*

सांदोंग
२५ मे

चि. तेसिकला अ. उ. आ.

मोठी बहीण म्हणून लिहितेय, वाईट वाटलं तर वाटू दे.

सांगितलंस ते बरं केलंस. पण कुठं सांगितलंस? जिथून तो उठून जाऊ शकत नव्हता तिथं. त्याला राग आला असेल, तुझं तोंड बघायचं नसेल, पण तुला सुखरूप खाली आणायचं काम त्याच्याच गळ्यात. तीन टप्पे त्यानं तुझा जीव हातात धरला, आणि त्या वेळात त्याला धड चिडताही आलं नाही. तू भार उतरवलास तो त्याच्या पाठीवर, आणि वर स्वतःही त्याच्या दोराला लोंबकळलास. डोंगरानं तुला पुष्कळ शिकवलं असेल, पण हे राहिलं.

आता हीजूला सांगशील ते घरात सांग. ती बसलेली असताना, दार उघडं असताना. सोरा शिकवणीला गेल्यावर. तिला उठून जायचं झालं तर जाऊ दे.

माझंही काही चुकलेलं आहे. ते मी माझ्या परीनं बघते.

ताई

*

सोल
९ जून

ती. वन्संना,
हीजूचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे मला दडपणच येतं, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण तुम्हाला सगळं ठाऊक आहे असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मनातलं दुसऱ्या कुणाला सांगू?

रविवारी सकाळी ह्यांनी मला बसवलं. आधी जाऊन बाहेरचं दार उघडून ठेवलं. मला वाटलं कुणी पाहुणे येणार आहेत. मग बोलले. मी ऐकून घेतलं आणि उघड्या दारातून बाहेर पडले. बाजारात गेले, मुळे घेतले, फार मोठे, ओझं उचलवेना. बसथांब्यावर मुळ्यांशेजारी दोन तास बसले.

वन्सं, नोकरी गेल्याचं मला इतकं लागलं नाही. कुणाची राहिलीय? आमच्या मजल्यावर चौघांची गेली. पण चार महिने मी रोज ह्यांचा शर्ट इस्त्री केला. कॉलरला पिठाचं पाणी लावून. आणि तो शर्ट टोफूच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असायचा. त्या बाईंना ठाऊक, त्या आठ पुरुषांना ठाऊक, तुम्हाला ठाऊक. बायकोला तेवढं नाही. मला ह्यांच्यापेक्षा तुमचा राग जास्त आला, हे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या सणाला भेटू तेव्हा तोंड वाकडं करायला नको.

मग ह्यांनी त्या हाम यांचं सांगितलं. ते मात्र मला रागावूनही ऐकवेना. हे रडले. मी ह्यांना सासऱ्यांच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

येत्या सोमवारपासून मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाणार आहे. सोराला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती म्हणाली की बाबांच्या बुटांना रोज चिखल असायचा, तिला वाटायचं कारखान्यातच काहीतरी खणताहेत. मग उठून अभ्यासाला गेली.

गुडघ्याची काळजी घ्या. राग उतरतोय, हळूहळू. तुमची माया आहे हे मला ठाऊक आहे, ती आटू देऊ नका.

तुमची,
हीजू

*

सांदोंग
१५ जून

रा. रा. हाम दोकसू यांस,
स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. तेसिकची मी थोरली बहीण. हे पत्र टोफूवाल्या बाईंकडे धाडते आहे. तुम्ही हल्ली दुसऱ्या वाटेनं डोंगरावर जाता पण येताना त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबता, असं त्यांनी मला कळवलं. रागावू नका त्यांच्यावर, मीच फार विचारलं.

भावाची रदबदली करायला लिहीत नाही. त्याचं तो बघेल. माझं लिहिते. तुमच्या नावासमोर दुसरं जे नाव होतं, ते माझ्यामुळं वाचलं. मी पर्सिमनची पेटी पाठवली आणि चिठ्ठीत दोन ओळी लिहिल्या. लिहिताना मला वाटलं मी चांगलं काम करतेय. एक पोर सांभाळलं जाईल असं वाटलं. त्या दोन ओळींच्या दुसऱ्या बाजूला कुणी माणूस उभा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो मुलगा शेजारचा आहे. गरीब आहे, विधवेचा एकुलता एक. त्याची नोकरी जायला हवी होती असं म्हणायला मी रोज सकाळी बसते आणि मला ते म्हणवत नाही. तरी तुमची गेली त्याचं दुःख खोटं नाही. या दोन्हींचा मेळ मला अठ्ठावन्न वर्षांची होऊनही बसवता आलेला नाही. तो तसाच तुमच्यापुढे ठेवते.

उत्तर द्यायला हवं असं नाही. सोबत काही पाठवलेलं नाही. एकदा पाठवून बघितलं, तेवढं पुरे.

आपली,
यांग ओक्बुन

*

सोल
२२ जून

श्रीमती यांग ओक्बुन यांस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. हौदावर काम करणारा माणूस, बोटं अजून निळी आहेत.

तुमच्या भावाला सांगा की मी त्याला माफ केलेलं नाही. करेन की नाही ठाऊक नाही. त्या टप्प्यावर त्यानं सांगितलं तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते मी बायकोलाही सांगितलं नाही, पण तुम्ही सरळ लिहिलंत म्हणून लिहितो. त्याची गाठ माझ्या हातात होती. मी ती दोनदा तपासली ती त्याच्यासाठी नाही. स्वतःच्या हातांवर माझा भरवसा राहिला नव्हता म्हणून. खाली उतरेपर्यंत हात नीट वागले. त्या दिवशी मला कळलं की इतका राग धरूनही माणूस गाठ नीट बांधू शकतो. हे मला नोकरीत असताना कळलं नसतं. पण त्यासाठी त्याचे आभार मानणार नाही.

त्या मुलाची नोकरी राहू दे. तो हौदावर नवा होता तेव्हा मीच त्याला रंगाचं माप शिकवलं होतं. हात चांगला आहे. त्याच्या आईला काही बोलू नका.

तुमचा भाऊ अर्धवट शिकलाय. एकटा कड्यावर गेला तर मरेल, आणि ते मला नको आहे. गुरुवारी पायथ्याशी ये म्हणावं. माझं त्याच्याकडे एक काम आहे.

आपला,
हाम दोकसू

*

सोल
१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू हामदादाचा निरोप कळवलास तसा मागच्या गुरुवारी गेलो. पाऊस उघडला होता पण खडक ओला, चढणं शक्यच नव्हतं. हामदादा वाटेच्या तोंडाशी दगडावर बसला होता. मी वाकून नमस्कार केला. त्यानं घेतला नाही, नाकारलाही नाही. पहिलाच प्रश्न विचारला की बाकीची छत्तीस नावं सांग.

मला वाटलं मला सगळी पाठ असतील. डिसेंबरभर दुसरं काही डोळ्यांपुढे नव्हतं. उभ्या उभ्या सांगू लागलो. अठ्ठावीस झाली आणि थांबलो. आठ नावं आठवेनात. नुसते नंबर आठवत होते, खाती आठवत होती. हामदादा म्हणाला, जो पुढं जाऊन दोर बांधतो त्याला मागं कोण कोण आहे ते ठाऊक असावं लागतं, नाहीतर त्यानं पुढं जाऊ नये. मग उठला आणि म्हणाला, आज घरी जा.

आठवडाभर तेच केलं. घरी हीजूला सांगितलं. तिनं सोराची जुनी वही घेतली, आकडे घातले, आणि रोज न्याहारीला विचारते, आज कोण. दोन नावं बसमध्ये आठवली. एक हीजूच्याच लक्षात होतं, त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. मी त्याच्याकडे जेवलो होतो, ताई. चार नावांसाठी लोकांकडे जावं लागलं. ज्यांना मी काढलं त्यांच्याच दारात उभं राहून विचारलं की तुमच्याबरोबर आणखी कोण होतं. एकानं दार लावून घेतलं. एकानं आत बोलावून बार्लीचं पाणी दिलं आणि दोन नावं सांगितली. दार लावलं त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, नावासाठी नव्हे, नुसतंच.

काल पस्तीस नावं घेऊन गेलो. हामदादानं सगळी ऐकली, मध्ये एकदा उच्चार सुधारला. मग विचारलं, आणि? मी मान खाली घातली. ते नाव कोणाचं हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण त्यानं सांगितलं नाही. कड्यावर न्यायलाही तयार झाला नाही. साध्या पायवाटेनं धबधब्यापर्यंत मात्र घेऊन गेला. पुढं तो, मागं मी.  उतरताना एका ओल्या दगडावर मी घसरलो तेव्हा त्यानं न बघता हात मागं केला. मी धरला. वाट सरळ झाल्यावर त्यानं तो सोडवून घेतला.

हीजूचा तुझ्यावरचा राग गेलाय, असं तिनंच लिहायला सांगितलं. आता तू घरी फोन केलास तरी चालेल, फक्त जरा हळू बोल.

आज सकाळपासून ती वही समोर घेऊन बसलोय. पस्तीस आकड्यांपुढे नावं आहेत. छत्तिसाव्यापुढे हीजूनं जागा सोडलीय. तो माणूस मला आठवत नाही. गुरुवारपर्यंत सहा दिवस आहेत.

तुझ्या मायेचा भुकेला,
तेसिक